शूऽऽ

पहाटे पाच दहाला मी मागच्या अंगणात,
गाऊनवर रेनकोट, दोन पायांत दोन जोड्यांतले बूट,
आणि भडंग माझ्याकडे बघत उभा,
जणू काही करायचंय ते मलाच.
शू, मी म्हणते. शू कर, राजा. शूऽऽ.
हडर्सफील्डची भुरभुर त्याच्या कानांवर,
शेजारच्या कौलांवर, माझ्या चष्म्यावर.
तो आधी गोगलगाय हुंगतो, तिच्याशी ओळख वाढवतो,
मग एकदाचा बसतो,
आणि मी टाळ्या वाजवते, हातमोज्यांतून, हळू,
पाच महिन्यांच्या जिवाच्या चमचाभर कर्तृत्वाला.

भडंग, कारण मी सांगलीची,
आणि त्याचा रंगही तसाच:
पिवळसर, मधेमधे लसूण करपल्यासारखा काळा.

दिवसभर मी इस्पितळात लोकांचे कान तपासते.
काचेच्या खोलीत बसवते, हेडफोन चढवते.
ऐकू आलं की बटण दाबा.
काही जण न ऐकताही दाबतात, भिडेखातर.
साडेबाराला गाडी काढते.
चौदा मिनिटं जायला, चौदा यायला,
मधल्या अकरांत अंगण, पाणी, लाड आणि फरशी.
सँडविच सिग्नलला.
कारण तळं रोज असतंच.
दारापाशी नाही, अंथरलेल्या पेपरवर नाही,
जिन्याखाली, सामाईक भिंतीला लागून,
नेमकं, नीटनेटकं,
सही केल्यासारखं.

ऑक्टोबरात दाराच्या फटीतून चिठ्ठी आली.
शेजारचे नेव्हिल सग्डन. आधी बस चालवायचे,
आता रात्री कुठल्याशा गोदामाची राखण करतात.
पेन्सिलीने नुसत्या वेळा:
नऊ वीस. नऊ पन्नास. अकरा पाच, बराच वेळ.
आणि खाली: मी दिवसा झोपतो. राग नाही. पण झोपतो.
ते 'राग नाही' मला दोन दिवस टोचत राहिलं.

मग मी जुना फोन पुस्तकांमागे लपवला, रेकॉर्डिंग लावून,
आणि रात्री ऐकत बसले, डोळे मिटून,
माझ्याच पेशंटसारखी.

माझी किल्ली. माझी जाणारी पावलं.
मग काहीच नाही.
मग एक बारीक प्रश्न.
मग तोच प्रश्न, मोठ्याने.
मग ते, ज्याला मी आजवर भुंकणं म्हणायचे.
सलग चाळीस मिनिटं ऐकल्यावर
तो शब्द पुरत नाही.

मग पलीकडे पलंग करकरला. खोकला.
आणि भिंतीला ओठ टेकवल्यासारखा
एक जाड, झोपाळू, अजिबात न चिडलेला आवाज:
शूऽऽ, पोरा. शूऽऽ.

भुंकणं थांबलं.
नखांची टकटक, जिन्याखालपर्यंत.
आणि मग अगदी स्पष्ट,
एक बारीक धार.

रात्री साडेअकराला मी एकटीच हसत सुटले,
मग हसणं कुठे संपलं ते कळलं नाही.
भडंग टोपलीतून मान वर करून बघत होता.
त्याने तर दोघांचंही ऐकलं होतं.

शनिवारी त्याला घेऊन पलीकडे गेले, सगळं सांगितलं.
सग्डननी दोनदा समजावून घेतलं,
मग चहाचा मग खाली ठेवावा लागला त्यांना.
म्हणाले, किल्ली देऊन ठेव.
अकराला मीही त्याच कामासाठी उठतो.

आता जिन्याखाली कोरडं असतं. बहुतेक.
मंगळवारी नव्हतं.
बागेत कुणी बदकांना शू शू करून हाकललं
तर हा अजून तिथल्या तिथे बसतो,
आणि मी दुसरीकडे बघते.

नऊ वीसचा प्रश्न मात्र तसाच आहे.
त्या वेळी मी काचेपलीकडे असते,
कुणा अनोळखी कानात
एक अगदी बारीक आवाज सोडत,
आणि वाट बघत,
की आला का ऐकू.