चौसष्ट

कुताइसीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी काच सरकवते भिंगाखाली.
उशांगी, वय एकोणीस, रग्बी खेळतो.
नडग्यांवर निळे डाग, नाक रात्रभर वाहिलेलं.
प्लेटलेट अकरा हजार.

त्याची आई बाहेर बाकावर.
तिने काही विचारलं नाही.
पिशवीतून एक चुर्चखेला काढला,
माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला, गेली.

आता मी त्या थोरल्या पेशी शोधतेय,
मज्जेतल्या.
त्या नसल्या, तर मला आज जेवण जाणार नाही.

आहेत.

दोनाचे चार झालेत, चाराचे आठ.
इतर पेशी दुप्पट झाल्या की वाटणी मागतात,
कंबर आवळून मधोमध तुटतात.
हिचीही कंबर आवळू लागते,
आणि कुणी मागून हाक मारावी तशी
थांबते, सैल पडते.
चूल वेगळी होत नाही.
सोळा. बत्तीस. एकाच छपराखाली
आल्याच्या गड्ड्यासारखं केंद्रक, गाठीगाठीचं.
एखादी चौसष्टवर जाते:
तोच मजकूर चौसष्टदा उतरवलेला.

कशाला एवढं? मी विचारलं होतं शिकताना.
एतेरीबाई हात पुसत म्हणाल्या,
गाव जेवायचं तर कढई मोठी नको?

मग ती रक्तवाहिनीला टेकते,
भिंतीच्या फटीतून एक लांब बोट बाहेर सोडते,
मण्यामण्यांचं.
आम्ही अक्रोड दोऱ्यात ओवून
आटवलेल्या द्राक्षरसात बुडवतो, काठीवर सुकवतो.
इथे सुकेपर्यंत कोण थांबतंय?
प्रवाह येतो, मणी तोडून नेतो, हजारोंनी,
दहा दिवसांच्या आयुष्याचे,
ज्यांच्यात त्या मजकुरातलं अक्षर नाही.

मागे उरतं नुसतं केंद्रक,
सगळ्या चौसष्ट प्रतींसकट.
सफाईवाल्या पेशी ते खाऊन टाकतात.

मी पुन्हा मोजते. उशांगीच्या मज्जेत त्या पुष्कळ,
बऱ्याचशा कोवळ्या, आठाच्या आसपास असाव्यात,
घाईघाईने कामाला लावलेल्या.
म्हणजे भट्टी चालू आहे.
चोरी पुढे कुठेतरी होतेय, वाटेत.
त्याचं नाव डॉक्टर सांगतील.
मी लिहिते: थोरल्या पेशी, भरपूर.

बाहेर येते. मला बोलायची परवानगी नाही.
बाकावर तिच्या शेजारी बसून
चुर्चखेल्यातून दोरा ओढून काढते,
निम्मा तिच्या हातात देते.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहते,
मी चावतेय का, ते.
मग म्हणते,
अक्रोड आमच्याच झाडाचे आहेत.