सांधे

बास्त्याव, तू हयातभर लोकांच्या घरात लाद्या बसवल्यास
आणि आपल्या मोरीतली एक शेवटपर्यंत हलत राहिली.
आता माझी पाळी.
मरोळची सिमेट्री, तिसरी रांग, भिंतीकडून पाचवा.
सहा बाय अडीच.

आधी चिनीगुलाब लावला.
सकाळी जत्रा, दुपारनंतर दुकान बंद.
मी यायचे चारला, लोकांची भांडी उरकून,
माझ्या वाट्याला नुसत्या मिटलेल्या मुठी.
मग नर्सरीवाला म्हणाला, वेडेलिया न्या, मरत नाही.
नाहीच मेला.
तीन महिन्यांत शेजारच्या मिसेस कोलासोंच्या
संगमरवरी देवदूताच्या कमरेला भिडला
आणि त्यांचा मुलगा बहारीनहून फोनवर माझ्याशी भांडला.
दोन रविवार उपटत बसले. गुडघे गेले.
तू असतास तर म्हणाला असतास, सस्ता माल, दुसरं काय.

शेवटी जलपिंपळी.
ती विकत मिळत नाही.
गावठाणातल्या विहिरीच्या कडेला, टँकरवाले पाइप धुतात तिथे
कुणी न लावता पसरलेली.
ओल्या फडक्यात ओंजळभर आणली.
पान भातुकलीतल्या चमच्याएवढं, टोकाला दाते.
फूल म्हणजे काडेपेटीतल्या काडीचं डोकं,
मध्ये जांभळट, भोवती पांढऱ्या ठिपक्यांची कडी.
उभ्याने दिसत नाही.
मधमाशीला मात्र लांबून कळतं.
चपलेच्या टाचेहून वर जायची तिला हौस नाही,
पाय पडला तरी रुसत नाही.
पास्कू कुदळ घेऊन तिच्यावरूनच जातो,
मी काही बोलत नाही.

तू सांधे बुजवायचास.
पांढरं सिमेंट, वर चिंधीचा हात, श्वास रोखलेला,
कुठून काही उगवू नये म्हणून.
ही प्रत्येक सांध्याशी थांबते,
खाली एक दोरा सोडते,
मग पुढचं पाऊल.
पाणसळ नाही, सुतळी नाही,
तरी ढाळ तुझ्याइतकाच बरोबर धरते.
नाताळापर्यंत तुझ्यावर विडी ठेवायला उघडी माती उरली नाही.

मग देवळाच्या ऑफिसातून चिठ्ठी आली.
जागा भाड्याची, हे तुला काय सांगायचं.
मुदत संपली, पुढचा कधीही येईल,
हाडं भिंतीतल्या कप्प्यात.
कप्प्याचं तोंड बारा बाय अठरा.
स्वयंपाकघराच्या लादीचं माप, बास्त्याव.
हसू आलं मला तिथेच, क्लार्कसमोर.

शुक्रवारी पास्कूच्या आधी गेले.
कोयत्याने चारी बाजू कापल्या
आणि ती सतरंजीसारखी गुंडाळत आली,
खाली पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं, माती न सोडणारं.
तुझ्या छातीवरची कुठली, पायावरची कुठली,
गुंडाळल्यावर ओळखू येईना.
रिक्षावाला म्हणाला, मावशी, आत चिखल नको.
मांडीवर घेतली.

सगळी नाही आणली.
दोन पेरं भिंतीकडच्या कोपऱ्यात दाबून आले.
पुढचा कोण, बाई की बाप्या, मला ठाऊक नाही.
त्याच्या घरच्यांना वाटेल, आपोआप उगवली.
वाटू दे.

उरलेली मागच्या बोळात,
आपली भिंत आणि बिल्डरचा पत्रा यांच्यामध्ये हातभर पट्टीत.
ऊन जेमतेम तासभर.
अर्धी पिवळी पडलीय, बाकीचीचं अजून काही सांगता येत नाही.

तू लादी बसवून झाली की
बोटाच्या पेराने ठोकायचास, कान खाली नेऊन,
कुठे पोकळ राहिली का.
काल मीही ठोकून पाहिलं,
आजूबाजूला कुणी नाही हे बघून.
आवाज काही आला नाही.
बोटाला ओल लागली.