निधान

आधी वाटलं, मीठच असेल.
खाऱ्या पाण्यात राहणाऱ्याच्या अंगावर
दोन पांढरे कण, त्यात काय एवढं.
तिसऱ्या दिवशी पिवळा मासा
दगडाला अंग घासायला लागला,
खाज सुटलेल्या म्हशीसारखा.
आठवड्यात चौघे गेले.

घरमालक कलघटगी म्हणाले,
चिक्कूच्या बुडात पुरू नका हं,
खाऱ्यानं झाड जळतं.
मग डब्याच्या खालच्या पुडात घालून
उद्यमबागेत नेले.
फौंड्रीच्या मागं ओतकामाची जळकी वाळू टाकतात, काळी,
तिच्यात पुरले.
जन्मभर पांढऱ्या वाळूवर फिरलेले जीव.

एक उरला. बोटभर, नारिंगी,
कपाळाला आडवा पट्टा.
मोरीतल्या निळ्या टबात त्याला
तांब्याचं औषध, थेंब मोजून.
महिनाभर आम्ही टबाला वळसा घालून अंघोळ केली,
साबणाचा शिंतोडा उडू नये म्हणून
रेणुका तर भिंतीकडं तोंड करून.

मोठी टाकी तशीच चालू. मासा नाही.
शहात्तर दिवस घालायचा नाही म्हणतात,
रोगाला अंग मिळालं नाही
की रोग उपाशी मरतो.
शेजारची निंगव्वा दारातून डोकावायची:
मासे नाहीत आणि लाइट कशाला जाळूलास?
काय सांगणार.
पाणी पाळलंय, म्हटलं.

एकावन्नाव्या दिवशी घर सोडायची पाळी आली.
लोणच्याचे ड्रम, सात वेळा धुतलेले,
तरी झाकण उघडलं की मेथीचा वास.
दगड ओल्या पेपरात गुंडाळले,
काही कानडी, काही मराठी,
भिजल्यावर दोन्हींची शाई हाताला लागली.
वाळू मात्र टाकून दिली. तिच्यावर भरवसा उरला नव्हता.

टेंपोवाला बसलिंग.
त्याला वाटलं काचेचं कपाट असेल.
समुद्र आहे म्हटल्यावर त्यानं
आधी माझ्याकडं बघितलं, मग भाडं शंभरानं वाढवलं.

दुसऱ्या रेल्वे गेटाला फाटक पडलं.
मागं ड्रम डुचमळत होते,
पुढं रेणुकाच्या मांडीवर बादली,
बादलीत पट्टेवाला,
त्याच्या कानाशी बॅटरीवरचा पंप घरघरतोय.
गोव्याकडून गाडी आली, गेली.
खिडकीत एक पोरगं, गळ्यात शिंपल्यांची माळ.
आमच्या समुद्रात शिंपला नाही.
मीठ पिशवीतलं, पाणी बोअरचं, गाळलेलं.
आणि हा पट्टेवाला कुठल्याशा शेडमध्ये जन्मलेला,
त्यानं तरी कुठं बघितलाय समुद्र.

मंडोळी रोडला जिना अरुंद.
टाकी तिरकी करताना बसलिंग खालून म्हणत होता,
निधान, अण्णा, निधान.
त्याच्या भाषेत हळू.
माझ्या भाषेत पुरून ठेवलेलं धन.
दोघांची बोटं एकाच काचेखाली दबलेली,
कुठल्या अर्थानं, ते विचारलं नाही.
हळूच गेलो.

रात्री पाणी भरलं. काटा पस्तिसावर येईना,
तेहतीस, मग छत्तीस,
मग झोपलो.

नवीन घरी पट्टेवाला तीन दिवस जेवला नाही.
खाणं तरंगायचं, बुडायचं, तळाशी फुगायचं.
मी औषधाचं माप पुन्हा तपासलं,
पाण्याची ऊब तपासली.
चौथ्या दिवशी रेणुका म्हणाली,
हितं माग नाहीत.

खासबागेत भिंतीपलीकडं चार यंत्रमाग,
सकाळी सहापासून खटखट,
आम्ही वैतागायचो, वाटीतलं दूध हलायचं.
तो त्यातच वाढलेला.

ती टबाशी उकिडवी बसली,
आणि उलथन्याची मूठ टबाच्या काठावर
एका लयीत मारायला लागली,
खट-खटाक, खट-खटाक,
वरचा भाडेकरू जिन्यात येऊन उभा राहिला
तरी थांबली नाही.

पट्टेवाला वर आला.
एक कण घेतला. थुंकला.
परत घेतला.

अजून एकवीस दिवस.
हॉलमध्ये रिकामी टाकी निळी जळतेय.
वरचा भाडेकरू विचारतो, यात काय आहे?