खिडकीजवळचं शेवटून दुसरं बाक

ते बाक मी आजवर अकरा वेळा रंगवलं.
शाळा वेगळी, पडद्यांचा रंग वेगळा,
नायक मात्र तिथंच बसतो.
डोळ्यांवर केस, चेहऱ्यावर विशेष काही नाही.
नेझू म्हणतात, ज्याला चेहरा नसतो
त्याच्यात कुणालाही शिरता येतं.

मी माणसं काढत नाही.
भिंती, जिने, संध्याकाळ, एवढंच माझं काम.
नायकाचं घर दुमजली,
आईबाप कायम परदेशी बदलीवर,
म्हणून दारात मोठ्या मापाचे बूट काढायचे नाहीत,
इतकीच सूचना असते.

काल रात्री कामी-इगुसा स्टेशनसमोर
रात्रभर उघड्या हॉटेलात वाद पेटला.
शिओमी, वय सव्वीस, पहिलीच पटकथा,
खरबुजाच्या सोड्यातला बर्फ चमच्यानं फोडत म्हणाली,
"या वेळी बालमैत्रीण जिंकू दे."

नेझू हसले. तीस वर्षं गेलीत त्यांची या धंद्यात.
"बालमैत्रीण पहिल्याच भागात त्याला उठवायला येते,
डबा आणते, शेजारच्या खिडकीतून हाक मारते,
आणि तिथंच हरते.
जे आधीपासून असतं त्याची गोष्ट होत नाही, बाई.
गोष्ट होते आभाळातून पडलेल्या मुलीची."

"मग कुणीच जिंकू नये."

"तेच तर करतो आपण! निवडलं की सूप वाजलं.
पाच जणींचे पाच पक्ष,
एकीला हो म्हटलं की चार पक्ष घरी जातात,
उशांचे अभ्रे कोण घेणार मग?
घोंगडं बारा भाग भिजत ठेवायचं.
मध्ये एकदा समुद्र, एकदा गरम पाण्याचा झरा..."

"आणि एकदा जिन्यावरून घसरणं," शिओमी म्हणाली.
"पडतो तो, थप्पड मारते ती,
आणि लोक म्हणतात, काय तापट पोरगी!
लाजते म्हणून ओरडते, हे एकदा गोड वाटतं.
सहाव्यांदा डॉक्टरकडे न्यावीशी वाटते."

मग कागद पुढे सरकवला तिनं.
पाचही जणी एका खोलीत,
आणि त्याचा विषयच निघत नाही.

"मग बोलतात काय?"
"फ्रिजच्या आवाजाबद्दल."
नेझूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"किती सेकंद?"
"चाळीस."
"वीस देतो."

मला मत विचारलं. पार्श्वभूमीला कुणी विचारत नाही,
मी गडबडलो.
म्हटलं, खोली पूर्वेची की पश्चिमेची
तेवढं सांगा, म्हणजे उजेड ठरवता येईल.

घरी चालत जाताना आठवलं,
माझी एक होती, खरोखरची.
इत्सुए. इतोइगावात, कुलपांच्या दुकानावर राहायची.
मला उठवायला ती कधी आली नाही,
उलट मीच तिच्या खिडकीवर खडे मारायचो,
एकदा काच फुटली, तरी ती झोपलेलीच.
शाळा संपली, ती कानाझावाला गेली
कवळ्या बनवायचं शिकायला.
फलाटावर मी गप्प.
ती म्हणाली, "शर्टाचं बटण चुकलंय तुझं."
दार बंद झालं.

यात हरलं कोण, नेझूसान?
पाच जणी नव्हत्या, आभाळ जागच्या जागी होतं.
एक फलाट होता, डावीकडे पाण्याचा नळ,
तोही मी रंगवलाय अकरा वेळा,
वेगवेगळ्या गावांच्या नावानं.

आज ती खोली घेतली रंगवायला.
पूर्वेची निघाली. दारात पाच जोड बूट.
फ्रिजवर एक कॅलेंडर लावलं,
कानाझावातल्या कुठल्याशा दंतशाळेचं.
शिओमीनं वाकून पाहिलं,
"हे पटकथेत नाहीये."

म्हटलं, नाहीये.
वीस सेकंदांत कुणाला दिसणार,
आणि ब्रश पाण्यात बुडवला.