उलटतपासणी

गुरुवारी दुपारी धनकवडीत लाईट गेली,
दर गुरुवारी जाते, तक्रार नाही.
चारला आली. पंखा आला, फ्रीज आला,
राउटरचे चारही दिवे हिरवे आले.
लॅपटॉपला मात्र नेटवर्क दिसेना.

खरं सांगायचं तर इतर सगळं दिसत होतं:
‘बर्वे वरचा मजला’, ‘विचारू नका’,
दाताच्या दवाखान्याचं, जिमचं,
एक नुसतंच ‘घर’.
फक्त माझं नव्हतं.

फोनला माझं दिसत होतं.
दोघं एकाच टेबलावर, वीतभर अंतरावर,
आणि जबान्या जुळेनात.

जबान्यांची मला सवय आहे.
शिवाजीनगर कोर्टातल्या साक्षी मी इंग्रजीत करते, पानावर पैसे.
‘मी तेव्हा मोरीत होते, मला ओरडणं ऐकू आलं नाही’
हे वाक्य निदान दहा बायकांच्या तोंडून उतरवलंय.
मग वकील विचारतो, भिंत किती इंची होती?
मीही तशीच सुरुवात केली.

रेडिओ बंद आहे का? नाही.
बटणाने अडवलंय का? नाही.
ड्रायव्हर? आहे.
फर्मवेअर? सापडलं, चढवलं, वेळेच्या नोंदीसह.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी,
सेकंदाच्या सहाव्या दशांशापर्यंत चोख.
असा साक्षीदार मला वीस वर्षांत मिळाला नाही.
नेटवर्क मॅनेजर बसवला, उठवला,
जुन्या कर्नलवर जाऊन परत आले,
शेवटी लॅपटॉप बंद करून चालू केला,
जे लोक सगळ्यात आधी करतात.
फाईल फोनवर घेऊन पाठवता आली असती.
पण मला आता खरं काय ते हवं होतं.

साडेआठला सादिक मोमीनला फोन.
पासोड्या विठोबाजवळच्या त्याच्या गाळ्यातून
अकरा हजारांना आणलेला हा लॅपटॉप,
लिनक्स त्यानेच घालून दिलं, ‘मॅडम, व्हायरस विसरा.’
फोनमध्ये शटर ओढल्याचा आवाज.
‘राउटर कितव्या चॅनेलवर आहे?’
तेरा.
‘आणि लॅपटॉप कुठल्या देशात आहे?’
माझ्या टेबलावर.
‘त्याला विचारा की.’

विचारलं. दोन अक्षरं: यूएस.
कुठल्याशा कंपनीच्या भंगारातून बोटीने आलेला,
आणि तिकडच्या नियमात बारा-तेरा बसत नाही म्हणे.
सात महिने इथल्या विजेवर जगला,
कळफलकात इथला दाण्याचा कूट,
आणि कायदा मुकाट्याने तिकडचा पाळत होता.
लाईट गेल्यावर राउटर अकरावरून उठून
गर्दी नको म्हणून तेरावर जाऊन बसला,
त्यानेही कुणाला विचारलं नाही.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नव्हतं.
मोरीतल्या बाईला भिंतीची जाडी विचारतात.
ऐकायची परवानगी होती का,
हे विचारत नाहीत.

एक ओळ टाइप केली, शेवटी आयएन.
यादीत सगळ्यात वर, भरलेल्या पट्ट्यांसह, माझं नाव.

चव्वेचाळीस पानं पाठवायची होती,
एकोणिसाव्यावर थांबले.
‘ऐकू आलं नाही’ला इंग्रजीत दोन वाटा आहेत,
एक ऐकलं नाही, दुसरी ऐकता येत नव्हतं.
इतकी वर्षं मी पहिली घेत आले, ती लहान पडते.
मजकूर बदलला नाही, तो माझा नाही.
समासात एक टीप घातली
आणि अकरा बावन्नला मेल गेला.

सकाळी चालू केला तर स्वारी पुन्हा अमेरिकेत.
सादिक म्हणतो, फाईलमध्ये एकदा कायमचं लिहून टाकू,
रविवारी येतो, चहा ठेवा.
तोवर रोज उठून सांगतेय त्याला,
पुणे, बाबा. पुणे.