सावदा, सावदे, सावदं

गाडीभाड्याच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून,
माझं ऑफिस: एक टेबल, दोन पंखे.
खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी,
दोरीवर वाळणारे, केळीच्या चिकानं काळे पडलेले शर्ट.
आणि वर, कुणाला न दिसणारा, निरोपांचा पाट.

व्यापारी एकदाच बोलतो.
कोण ऐकतंय ते त्याला ठाऊक नसतं, गरजही नसते.
निरोपाच्या माथ्यावर चार शब्द:
गाव, काम, वाण, वेळ.
पोटात काय लिहिलंय ते माझं यंत्र वाचत नाही.
माथा पाहतं,
ज्यानं जेवढं मागितलं तेवढंच त्याच्या दारात टाकतं.
निंभोऱ्याला गाडी लागली
तर विवऱ्याच्या माणसाची झोप मोडत नाही.
याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू.

अप्पा आरएमएसमधून रिटायर झालेले.
भुसावळहून सुटणाऱ्या डाकेच्या डब्यात
उभ्यानं तीस वर्षं टपाल निवडलं.
खंडव्यापर्यंत शंभर खाने भरायचे,
लाखेचा वास, हलता दिवा,
आणि बोटांना खान्यांची अशी सवय
की अजूनही पत्त्यांचा डाव वाटताना
पान हवेत क्षणभर थांबतं, मग पडतं.
मी त्यांना सगळं समजावलं तेव्हा
एवढंच विचारलं: "उघडत तर नाही ना?"
नाही म्हटलं.
"मग बरोबर आहे."

चैत्रात मुराद तडवी जिना चढून आला.
कटाईच्या टोळीचा मुकादम, चौदा माणसं त्याच्यामागं.
कोयता खाली ठेवून आला होता, दाराशी.
"ताई, आठ दिवस झाले. फोन मुका."
मी पाहिलं. सगळे दिवे हिरवे.
निरोप निघाले होते, पोचले होते,
कुठंही चूक नव्हती.
चूक असती तर ओरडली असती.
ज्याला काहीच आलं नाही
त्याच्या नावाची नोंद कुठल्याच वहीत नसते.

मग सापडलं. त्यानं लिहून दिलं होतं: सावदे.
व्यापारी लिहायचे: सावदा.
एक मात्रा, एक काना,
मध्ये आठ दिवसांची चौदा माणसांची मजुरी.

अप्पा हसले नाहीत.
"आमच्याकडं सावदा यायचं, सावदे यायचं, शावदं यायचं,
एकदा तर नुसतं 'केळीचं गाव, मामाच्या घरी' आलं.
सगळी एकाच खान्यात.
सावदं मंजे सावदंच ना वं?"
यंत्राला ते 'मंजे' कसं शिकवायचं?

रात्रभर बसून गावांची उपनावं भरली.
चिनावल, चिनावळ. फैजपूर, नुक्त्याचं फैज़पूर.
नियम सैल केला: चारही जुळायला नकोत,
गाव आणि काम जुळलं तरी पुरे.
दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला
निम्मा तालुका जागा झाला,
आणि खिरोद्याच्या एका खोकीवाल्यानं फोनवर
माझ्या सात पिढ्या काढल्या.
पुन्हा आवळला. पुन्हा थोडा सैल.
जाळीची भोकं अजून मी बोटानं चाचपते.

मुरादला काम लागलं. त्याचे आठ दिवस
मी कुठून आणणार?
तो काही म्हणाला नाही. जाताना कोयता उचलताना
पात्याचा जिन्याला आवाज झाला, तेवढाच.

आता एक खाना मी वेगळा ठेवलाय,
ज्याचं कुणाशीच जुळत नाही त्याच्यासाठी.
त्याची वर्गणीदार मी एकटी.
काल संध्याकाळी त्यात एक पडला:
गाव कोरं, काम कोरं, वाण कोरं,
वेळ मात्र भरलेली: आत्ता.

पोट भरलेलं होतं. दिसत होतं, वजनावरून.
अप्पा मागं चहा घेऊन उभे.
मी उघडला नाही अजून.
ते काही म्हणत नाहीत.
बशीतला चहा निवतोय,
खाली गाडी मागं घेताना कुणीतरी ओरडतंय,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे.