डावखुरा

जुम्म्याच्या बाजारात, पहाटे साडेपाचला,
टॉर्चच्या उजेडात दिसला तो,
एक बिनकानाची कढई आणि बाहुलीचे तीन हात
यांच्या मधे पडलेला.
मुनीरुद्दीन म्हणाला, शोपीस है मॅडम,
ऊपर मनी प्लांट रखो.
साडेतीनशे सांगितले, दोनशे वीसला दिला,
वर म्हणाला, लोहा अलग बेचता तो जादा मिलता.

रंधा. दीड वीत लांब, तेलकट काळा,
तळाला डांबराचा डाग,
पाचर फुगून अशी बसलेली
की पात्याचा गंज लाकडात उतरलेला.

मी परळला एका लॅबमध्ये कवळ्या बनवते.
दिवसभर दुसऱ्यांची तोंडं माझ्या टेबलावर,
प्लास्टरची, उघडी, न बोलणारी.
त्यामुळे याचं तोंड पाहिल्याबरोबर कळलं:
झिजून फाकलंय.
असल्या तोंडातून सालपट निघत नाही,
नुसते लचके निघतात.

पाचर काढायला तीन रात्री लागल्या.
मागच्या टोकावर लाकडी हातोडीने टक्, टक्.
खालच्या मजल्यावरच्या बोंद्रेबाईंनी
दुसऱ्या रात्री लाटण्याने छतावर उत्तर दिलं.
तिसऱ्या रात्री, अकराला दहा कमी असताना,
ती सुटली,
न सांगता, दुधाच्या दातासारखी.

पातं रात्रभर चिंचेच्या कोळात.
मग कुरुंदाचा दगड, मग बारीक दगड,
मग जुन्या पर्सचं चामडं.
धार लागली हे अंगठ्याला कळायच्या आधी
मनगटावरच्या लवेला कळलं.

रे रोडच्या वखारीत पास्कू मेस्त्रींना म्हटलं,
तोंडासाठी तुकडा हवाय.
त्यांनी आधी माझ्याच तोंडाकडे बघितलं.
शिसवाची एक चपटी कपची दिली, पैसे घेतले नाहीत,
रंधा मात्र बराच वेळ परत दिला नाही.
उलटा केला, नाकाशी नेला.
"चिंचेत घातलंस होय."
मग, कपचीवर नख ओढत,
"रेषा बघून बसव. उलटी बसली
तर जन्मभर कुरकुरेल."

बसवायचं मला कुणी शिकवायला नको होतं.
कार्बन ठेवायचा, दाबायचं, निळा ठिपका कुठे उठतो बघायचं,
तेवढंच घासायचं, पुन्हा ठेवायचं.
पगार याचाच मिळतो मला.

जवसाचं तेल चोळताना मागच्या टोकाला अक्षरं वर आली.
डोक्यावर रेघ नसलेली दोन, गुजराती,
त्यांच्यावर तिरकी काट,
आणि शेजारी खिळ्याने ठोकलेला एकटा ध.
धाकू असेल. धर्मा असेल.
विकत घेतला, की मजुरीपोटी मिळाला,
की कुणी मेल्यावर उचलला,
काट मारताना हात हलला होता एवढंच दिसतं.

आणि पुढच्या अंगाला, उजव्या कडेवर,
अंगठ्याएवढी खळी.
वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून पडलेली, गुळगुळीत.
माझा अंगठा तिथे पोचतच नव्हता.
मी हात उलटसुलट करून पाहिले
तेव्हा लक्षात आलं, ध डावखुरा होता.

पुटीन भरून बुजवता आली असती.
कवळीत मी जुन्या दातांची झीज ठेवत नाही,
गिऱ्हाईकालाच नको असते.

रविवारी ओट्याखालचा ड्रॉवर काढला,
जो दोन वर्षं मी पोटाने ढकलून बंद करते.
उजव्या हाताने तीनदा मारला रंधा.
अडखळला, चुरा थुंकला.
मग हात बदलले.
दुसऱ्याच्या सहीचा सराव करावा तसं वाटलं,
अवघड आणि थोडं चोरटं.
आधी तुटक कपटे,
मग एक अख्खं सालपट, वळत वळत, उबदार,
इतकं पातळ की विजेच्या बिलावर पडलं
तर खालची तारीख वाचता आली.
उलटून गेलेली.

ड्रॉवर अजून किंचित अडतो.
एक हात मारला तर सुटेल.
पण आज नको.
डावं मनगट भरून आलंय.